जुन्या एमजीबीची पोल्यूशन आणि फिटनेस टेस्ट: सीओ ५.८ आलाय, कुठून हात घालू?

निळी_जीटी

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. माझ्याकडे १९७० ची एमजीबी जीटी आहे, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू एचएस४ कार्ब (पेट्रोल आणि हवा मिसळणारे कार्बुरेटर), पॉइंटवालं डिस्ट्रिब्युटर (पॉइंट उघडझाप होऊन प्लगला ठिणगी देणारं). इलेक्ट्रॉनिक काहीच बसवलेलं नाही आणि शक्यतो बसवायचंही नाहीये. टेस्टला नेली तर नापास झाली. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड ५.८ टक्के आणि एचसी म्हणजे हायड्रोकार्बन २१०० पीपीएम (दहा लाखांत भाग), मर्यादा ३ टक्के आणि १५०० ची. वर शेरे पण आहेत, पुढचं डावं चाक खेळतंय, हँडब्रेक उजव्या बाजूला कमी धरतोय, उजवा हेडलाइट मंद.

रस्त्यावर गाडी छान पळते, ओढ चांगली आहे, पण गरम झाल्यावर एका जागी उभी राहिली की घुरघुरायला लागते आणि मागे उभं राहिलं तर डोळे चुरचुरतात. प्लग काढून बघितले, पुढचे दोन काळेकुट्ट, कोरडी काजळी धरलेली, मागचे दोन तपकिरी, म्हणजे बरे वाटतायत. गॅरेजवाला म्हणतो कार्ब म्हातारे झालेत, दोन्ही काढा आणि एकच वेबर (दुसऱ्या कंपनीचा कार्ब) टाका. मला ते पटत नाहीये, कारखान्यातून ज्या कार्बवर आली त्याच कार्बवर ती पास व्हावी असं मनापासून वाटतं. रीटेस्टला तीन आठवडे आहेत. काय आधी करू आणि काय नंतर, तेवढं सांगा.

कार्बपुराण

कार्ब अजिबात बदलू नकोस. तुझ्या प्लगांनी अर्धं उत्तर दिलेलंच आहे. या इंजिनात पुढचा कार्ब १ आणि २ नंबरच्या सिलिंडरला पेट्रोल देतो, मागचा ३ आणि ४ ला. पुढचेच दोन काळे आहेत म्हणजे पुढचा कार्ब जास्त ओततोय, मागचा शहाणा आहे. दोन्ही म्हातारे असते तर चारही प्लग सारखेच दिसले असते.

आता स्लिप कशी वाचायची ते बघ, कारण बहुतेक लोक दोन आकडे एकच समजतात. सीओ म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडल्यामुळे अर्धवट जळलेलं. एचसी म्हणजे न जळताच सायलेन्सरमधून बाहेर आलेलं पेट्रोल. सीओ जास्त आणि एचसी बेताचं असेल तर नुसतं मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त) आहे. सीओ कमी आणि एचसी आभाळाला असेल तर मिसिंग आहे, मधूनच एखादा सिलिंडर पेटत नाही, म्हणजे प्लग, पॉइंट, व्हॉल्व्ह नाहीतर कुठूनतरी हवा घुसून इतकं लीन (पेट्रोल कमी) झालंय की पेटतच नाही. तुझे दोन्ही वर आहेत. भरपूर रिच झालं तर एचसी पण चढतंच, पण २१०० म्हणजे मला मिसिंगचाही संशय येतो, तू घुरघुर लिहिलंस ना तीच.

म्हणून मिक्स्चरला हात सगळ्यात शेवटी लाव. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण आधी तोच कार्बखालचा मिक्स्चरचा नट फिरवतो. मिसिंग करणाऱ्या इंजिनावर मिक्स्चर सेट केलं तर ते मिसिंग झाकायला सेट होतं, आकडा एका बाजूला सुधारतो आणि दुसऱ्या बाजूला बिघडतो. आधी इंजिन थंड असताना टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची मोकळी फट, ०.३८ मिमी. तुला माहीत असेलच पण नसेल तर सांगतो, आठ व्हॉल्व्ह आहेत तर नऊची बेरीज धरायची, १ नंबर पूर्ण दाबलेला असताना ८ चं टॅपेट बघायचं, ३ दाबलेला असताना ६ चं, असं. टाइट टॅपेट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि न जळलेलं पेट्रोल सरळ बाहेर जातं, एचसी त्यानेही वाढतो, आवाज मात्र काहीच येत नाही म्हणून कोणाचं लक्ष जात नाही. मग पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, पॉइंटवर खड्डा पडला असेल तर घासत बसू नको, नवीनच टाक. प्लग गॅप ०.६३ च्या आसपास. ठिणगीचं टायमिंग लाइटने बघ, अंदाजाने नाही. एअर फिल्टर काळे असतील तर तेही बदल, चोंदलेला फिल्टर म्हणजे सीओ वाढणारच.

हे सगळं झालं की पुढच्या कार्बकडे ये. कोणालातरी डॅशवरचं चोकचं नॉब ओढायला सांग आणि तू खाली वाकून कार्बच्या बुडाकडे बघ. चोक ओढला की जेट (पेट्रोल सोडणारी बारीक नळी) खाली उतरतो, सोडला की टुणकन वर जाऊन नटला टेकला पाहिजे. पुढचा जेट अर्धा मिलिमीटर जरी खाली अडकून राहिला तर समज की गाडी कायम थोड्या चोकवर चालतेय, आणि हे एसयूमध्ये फार वेळा होतं, लिंकेज सुकतं किंवा केबल ताणून बांधलेली असते. मग फ्लोट चेंबरचं (कार्बची पेट्रोलची छोटी टाकी) झाकण उघड. पेट्रोल अडवणाऱ्या नीडल व्हॉल्व्हच्या टोकाला बारीक गोल खाच पडली असेल तर तो पूर्ण बंद होत नाही, पेट्रोलची पातळी वर राहते. फ्लोट कानाशी धरून हलव, आत खळखळ वाजलं तर फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलंय, तो जड होऊन खाली बसतो, दुरुस्त करू नको, बदल. मग वरच्या डब्याचं झाकण फिरवून आतलं डॅम्पर ऑइल बघ, आणि कार्बचा पिस्टन बोटाने उचलून सोड, खाली पडताना टक् असा स्वच्छ आवाज आला पाहिजे, अडखळत उतरला तर आतून पुसून काढ.

शेवटी मिक्स्चर. इंजिन पूर्ण गरम पाहिजे, नुसता टेम्परेचरचा काटा मध्यावर आला म्हणून नाही, चांगली पंधरावीस मिनिटं रस्त्यावर पळवून आण. कार्बच्या बाजूला खालून एक छोटी पिन असते, ती वर ढकलली की पिस्टन जरासा उचलला जातो, अगदी एक मिलिमीटरच्या आत. आरपीएम वाढलं आणि वाढलेलंच राहिलं तर रिच. लगेच पडायला लागलं तर लीन. क्षणभर किंचित वाढून परत जागेवर आलं तर बरोबर. रिच असेल तर खालचा षटकोनी नट वर, एका वेळी एकच कड, मग थोडं रेस करून थांब आणि परत पिन. दोन्ही कार्ब वेगवेगळे, आणि त्याआधी दोघांची हवा सारखी ओढली जातेय का ते बघून घे, रबरी नळी कानाला लावून सुस्कारा ऐकला तरी जमतं.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही. इतका काळ रिच चाललीय म्हणजे पेट्रोल ऑइलमध्ये उतरलेलं असणार. डिपस्टिक काढून वास घे. ती वाफ ब्रीदरच्या नळीतून परत इंजिनात जाते आणि सीओ वाढवते, कार्ब कितीही नीट केला तरी आकडा खाली येत नाही आणि माणूस वेडा होतो. टेस्टच्या आधी ऑइल आणि फिल्टर बदलून टाक.

फुल_चोक

एवढं सगळं कशाला? टेस्टच्या दिवशी दोन्ही नट चारपाच कडा वर घ्यायचे, लीन करून टाकायची, स्लिप घ्यायची आणि घरी येऊन परत होते तिथे. माझ्या ओळखीत बरेच जण असंच करतात, सीओ बिनधास्त खाली येतो. टॅपेट वगैरे सावकाश करता येईल.

कार्बपुराण

नाही हो, एसयूवर हे करू नका, आणि मी हे तत्त्व म्हणून नाही तर इंजिनाच्या काळजीने सांगतोय. बाकी बऱ्याच कार्बना आयडलिंगचा स्क्रू वेगळा असतो, तो फिरवला तर फक्त आयडलिंगच बदलतं, वर मेन जेट आपलं काम करत राहतो. एसयूमध्ये एकच जेट आणि एकच सुई, आयडलपासून फुल थ्रॉटलपर्यंत. नट चार कडा वर घेतला की गाडी सगळीकडेच लीन झाली. मग तुम्ही टेस्टवरून घरी येताना चढावर ॲक्सिलरेटर दाबला की लीन मिक्स्चरवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात, नॉकिंग (मिक्स्चर अवेळी पेटून ठकठक) होतं. एकदोन कडा ठीक आहे, चार नाही. आणि यांच्या गाडीत मिसिंग आधीच आहे, लीन केलं तर सीओ येईल खाली पण एचसी २१०० चा ३००० होईल, मग परत नापासच.

ज्या गाडीचं सगळं जागेवर आहे ती सीओ ३ च्या आत आरामात बसते आणि तशीच रोज चालवताही येते, त्यासाठी टेस्टपुरतं वेगळं काही करावं लागत नाही.

मीरा_पानावाली

कार्बचं झालं, मी चाक, ब्रेक आणि लाइटचं लिहिते. मी गाड्या उचलून खालून बघण्याचंच काम करते रोज.

डावं चाक खेळतंय म्हटल्यावर लगेच किंगपिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन) मागवू नका दादा, महाग काम आहे आणि बऱ्याचदा गरजच नसते. जॅक लोअर आर्मच्या खाली लावा, स्प्रिंगची बशी असते तिथे, म्हणजे सस्पेन्शनवर वजन येऊन ते लटकत राहणार नाही. दोन हातांनी चाक वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला की आत कोणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गायब झाला तर तो व्हील बेअरिंगचा. राहिला तर किंगपिन नाहीतर वरचा ट्रनियन (किंगपिनच्या वरच्या टोकाचा सांधा), बोट लावून बघा कुठला सांधा हलतोय, डोळ्याला दिसत नाही पण बोटाला कळतं. बेअरिंगचं निघालं तर नुसता नट आवळून खेळ घालवू नका, तुमच्या गाडीत बेअरिंगच्या मध्ये स्पेसर आणि शिम (पातळ चकत्या) आहेत, खेळ शिमनेच सेट होतो, नट त्याच्या ठरलेल्या टॉर्कलाच बसतो. आणि किंगपिनचे ग्रीस निप्पल चाक हवेत असताना भरा, गाडी जमिनीवर असली तर वजनाखालच्या बाजूला ग्रीस पोचतच नाही. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत पंप मारायचा.

हँडब्रेक एका बाजूला कमी. केबल ताणायच्या आधी ड्रम उघडा प्लीज. शंभरातल्या निम्म्या गाड्यांना आधी केबलच ताणलेली असते, मग मूळ प्रॉब्लेम लपतो. आत बघा लायनर ओला आहे का. ब्रेक ऑइलने ओला असेल तर व्हील सिलिंडर गळतोय, जाड आणि कुबट वासाचं ऑइल असेल तर ॲक्सलचं सील गेलंय. सील किंवा सिलिंडर आधी करा, मग दोन्ही बाजूंचे लायनर एकदम बदला. ओला लायनर पेट्रोलने धुवून परत बसवणारे लोक आहेत, तो गरम झाला की आतलं ऑइल परत वर येतं. कोरडा असेल तर मग शू ॲडजस्टर, बॅकप्लेटच्या मागे चौकोनी टोक आहे, ड्रम लॉक होईपर्यंत आवळा आणि एक टिक मागे घ्या, दोन्ही बाजू. केबल त्यानंतर.

रबरी ब्रेक होस किती जुने आहेत तेही बघा. बाहेरून ठीक दिसतात पण आतून फुगून बंद होतात, मग ब्रेक दाबल्यावर लागतो आणि सोडल्यावर सुटत नाही, ब्रेक टेस्टच्या रोलरवर डावी उजवी बाजू वेगवेगळी दाखवते. आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं.

हेडलाइटसाठी मल्टीमीटर घ्या. लाइट चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं उजव्या दिव्याच्या काळ्या वायरला. शून्याच्या जवळ दाखवलं पाहिजे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब, जिथे ती वायर पत्र्याला जोडलीय तिथला गंज आणि रंग घासून परत आवळा. बल्ब बदलून काही होणार नाही. अर्थिंग चांगलं निघालं तर रिफ्लेक्टर बघा, चांदी उडाली असेल. लाइट नीट झाल्यावरच त्याची दिशा सेट करा.

टायरवर चार आकडे असतात डॉट कोडच्या शेवटी, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१४ म्हणजे २०१४ चा २३ वा आठवडा. जुन्या गाड्या कमी चालतात म्हणून नक्षी भरपूर दिसते आणि रबर मात्र कडक होऊन भेगाळलेलं असतं. तारांची चाकं असतील तर प्रत्येक तारेला पान्याने हलकं वाजवून बघा, बद्द आवाज आला तर ती ढिली आहे.

आणि सिल, म्हणजे दारांखालचा पत्र्याचा भाग. मी शेवटी लिहिलं पण माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं. या गाडीला वेगळी चासी नाही, दारांखालचा सिलच गाडीचं वजन पेलतो. आतून गंजला असेल आणि वरून पुटी मारून रंग दिला असेल तर तपासणारा माणूस टोचून बघतो आणि त्याला कळतं. लोहचुंबक फिरवा, जिथे धरत नाही तिथे पुटी आहे. तिथे नवीन पत्रा वेल्ड करण्याला पर्याय नाही.

एच_प्लेट

नियमांचं थोडं, कारण हा धागा वाचणारे वेगवेगळ्या देशांत असतील. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून ४० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना एमओटी या वार्षिक तपासणीतून सूट आहे, अट अशी की गेल्या ३० वर्षांत गाडीत मोठा फेरफार झालेला नसावा. तिथे टेस्टला नेलीच तर १ ऑगस्ट १९७५ च्या आधीच्या पेट्रोल गाडीचा फक्त धूर डोळ्याने बघतात, मीटर लावत नाहीत. जर्मनीत ३० वर्षं झाली आणि गाडी मूळ स्वरूपात चांगली ठेवलेली असली तर जुन्या गाड्यांची एच नंबरप्लेट मिळते, पण दर दोन वर्षांची तपासणी सुटत नाही, धुराची टेस्ट मात्र १ जुलै १९६९ च्या आधीच्या पेट्रोल गाड्यांना नाही. म्हणजे प्रश्नकर्त्याची गाडी तिथे थोडक्यात हुकली असती. भारतात २०२१ च्या नियमाने ५० वर्षांच्या वरची, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, ती नोंदणी १० वर्षांची, पण मग गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच.

माझं मत विचाराल तर सूट असली तरी वर्षातून एकदा गाडी रोलरवर आणि गॅस मीटरवर नेऊन आणावी. मीरा ताईंनी लिहिलेल्या फुगलेल्या होससारखी गोष्ट चालवताना लक्षातच येत नाही, ती हळूहळू होते आणि आपल्या पायाला सवय होते.

निळी_जीटी

मंडळी, पास झाली! सीओ २.६, एचसी ५८०. काय काय निघालं ते लिहितो, कोणाला उपयोग होईल.

पुढच्या कार्बचा जेट खरंच वर जात नव्हता. चोक सोडल्यावर मागचा टुणकन बसायचा आणि पुढचा तसाच लोंबकळत राहायचा, टॉर्च धरून बघितलं तर नट आणि जेटच्या मध्ये स्पष्ट फट दिसत होती. केबल सैल करून लिंकेज साफ करून तेल दिलं, आता दोन्ही एकदम बसतात. फ्लोट ठीक होता, नीडलच्या टोकाला खाच होती, बदलली. एक्झॉस्टची दोन टॅपेट टाइट निघाली, २ आणि ३ नंबर सिलिंडरची. घुरघुर बऱ्यापैकी तिथेच गेली. ऑइलला पेट्रोलचा वास इतका होता की डिपस्टिक नाकाशी न्यायचीही गरज पडली नाही. ऑइल बदलायच्या आधी आणि नंतर, कार्बला हात न लावता, गॅरेजच्या मीटरवर सीओ ३.७ वरून ३.१ झाला, हे डोळ्याने बघितलं. मग दोन्ही कार्ब एकेक कड वर घेतले.

चाकाचा खेळ ब्रेक दाबल्यावर गेला, म्हणजे बेअरिंग, शिमने सेट केलं, किंगपिन वाचली. उजव्या ड्रममध्ये ॲक्सलचं ऑइल, सील आणि दोन्ही बाजूंचे लायनर टाकले. हेडलाइटच्या काळ्या वायरवर १.४ व्होल्ट दाखवत होतं, घासून आवळल्यावर ०.१. दोन्ही दिवे आता सारखे पडतात. सिलवर चुंबक सगळीकडे धरलं, हे फार बरं वाटलं. कार्बपुराण दादा आणि मीरा ताई, खरंच मनापासून आभार.

रविवार_ड्राइव्ह

अभिनंदन! थोडं विषयाला धरून विचारतो, हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं त्याचा या आकड्यांवर काय परिणाम होतो? माझ्या गाडीला पण एसयूच आहे, सिंगल.

कार्बपुराण

आकड्यावर परिणाम तुझ्या बाजूनेच होतो. साध्या पेट्रोलला एक भाग पेट्रोल आणि साधारण १४.७ भाग हवा लागते, वजनाने. १० टक्के इथेनॉल असेल तर साधारण १४.१ भागच पुरते. कार्बला हे कळत नाही, तो पूर्वीइतकीच हवा देतो, म्हणजे गाडी आपोआप जराशी लीन होते आणि सीओ थोडा उतरतो. २० टक्के असेल तर आणखी. म्हणून जुन्या सेटिंगवर गाडी उचलताना अडखळत असेल तर पिनने बघ आणि नट एखादी कड खाली घे, टेस्टला त्याने काही बिघडणार नाही.

काळजी करायची ती रबराची. जुने पेट्रोल होस, पंपाचा डायफ्राम, कार्बमधली रबरी सील इथेनॉलने मऊ पडतात, फुगतात, आतून सोलून बारीक काळे तुकडे सुटतात आणि ते नेमके नीडल व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात, मग चेंबर भरून वाहतो. होस दोन बोटांत दाबून बघ, बोटाला काळं लागलं किंवा चिकट वाटला तर इथेनॉल चालणारा होस आण आणि टाकीपासून कार्बपर्यंत सगळाच एकदम बदल. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नको, एकतर भरून ठेव नाहीतर रिकामी कर, अर्ध्या टाकीतल्या हवेचं पाणी इथेनॉल ओढून घेतं.

निळी_जीटी

होस आजच दाबून बघितले, पंपाजवळचा काळं सोडतोय. या रविवारी तोच बदलतो.